कोंबडीच्या डोळ्याचा कॅमेरा

आमच्या तळकोंडची सातेरी मूर्तीत नाही, वारुळात आहे. माणसाच्या छातीला लागेल एवढं वारूळ, त्याला नेसवलेलं लुगडं आणि वर चांदीचा मुखवटा. देवी अशी जमिनीतूनच उगवलेली असल्यामुळे तिला उचलून उन्हात आणायची सोय नाही. देऊळ बांधणाऱ्यांनी खिडकी म्हणून ठेवलेली नाही. भर दुपारी आत गेलं की आधी समया दिसतात, मग मुखवटा, आणि बऱ्याच वेळानं आपण कोणाच्या पायावर उभे आहोत ते.

माझं दुकान देवळाच्या समोर. त्यामुळे देवीकडे कोण किती वेळा येतं आणि येताना माझ्याकडून काय घेऊन येतं, याची मला चांगली माहिती. परशुराम राणे येत असे रोज, आणि नारळ घरचा आणत असे.

परशुरामाचं म्हणणं असं, की गावातला पहिला मान त्याच्या घराचा. म्हणजे देवीच्या उजव्या हाताला उभं राहायचं त्यानं, आणि जत्रेला पहिला नारळ ठेवायचा त्यानं. त्याचा दूरचा चुलतभाऊ महादू याचं म्हणणं, मान थोरल्या घराचा आणि थोरलं घर आपलं. दोघांच्या आज्यांपैकी कोण आधी जन्मला हे सांगायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून वाद जिवंत होता. जत्रेला दोघं एकाच वेळी नारळ पुढे करत आणि कोणाचा आधी टेकला यावर पुढच्या जत्रेपर्यंत बोलणं पुरत असे. महादूचा एकच हक्क बिनवादाचा होता. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यानंच. त्याचा आवाज मोठा, श्वास लांब, आणि देवीकडे मागण्यासारख्या गोष्टी त्याला कधी कमी पडत नसत.

एकोणीसशे साठ-एकसष्टची गोष्ट असेल. चवथीला, म्हणजे गणपतीला, आलेल्या चाकरमान्यांनी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचा निरोप आणला. मंडळाच्या खोलीत लावायला देवीचा फोटो हवा, आणि सोबत मानकरी उभे असतील तर अधिक बरं. देवळाची कौलं, सभामंडपाची फरशी, सगळं मंडळाच्या पैशानं झालेलं. तेव्हा हा निरोप म्हणजे हुकूमच.

परशुरामाच्या ध्यानात एक गोष्ट लगेच आली. फोटोत देवीच्या उजव्या हाताला जो उभा दिसेल, तो कायमचा मानकरी. साक्षीदार आज एक बोलतो, उद्या दुसरं. कागदाला वाळवी लागते. काचेच्या आडचा माणूस मात्र जागचा हलत नाही. मालवणच्या बाजारातले फोटोग्राफर हरिश्चंद्र हळदणकर गावात यायला तयार होते, पण त्यांनी येण्याजाण्यासकट जो आकडा सांगितला तो ऐकून परशुराम दोन दिवस बोटांवर हिशेब करत होता. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "तेका पैशे दिले तर तो घेवन जातलो. कॅमेरो घेतलो तर घरात रवतलो."

"मगे घेया," मी म्हटलं. दुसऱ्याच्या खर्चाला हरकत घेणारा दुकानदार मी पाहिलेला नाही.

परशुराम मालवणला गेला तो आपल्या पुतण्याला, पोस्टात कारकून असलेल्या गुरुदासाला घेऊन, कारण चाप दाबायला कोणीतरी लागणार. सुभद्रा, म्हणजे परशुरामाची बायको, तेलाचा डबा घेऊन बरोबर निघाली. दुकानाचा माल आणायचा म्हणून मीही. हळदणकरांच्या दुकानात मला काही काम नव्हतं. पण परशुराम पैसे सोडताना बघायला मिळणं हा योग वारंवार येत नाही.

हळदणकरांनी फळीवर दोन कॅमेरे मांडले. एक काळा, पत्र्याच्या डब्यासारखा. दुसरा चामड्याच्या भात्याचा, उघडला की नाक पुढे काढणारा, कोणा साहेबानं वापरून विकलेला. भात्याच्या कॅमेऱ्याची किंमत डब्याच्या चौपट.

"ह्येच्यात फरक काय तो सांगा," परशुराम म्हणाला.

"फोटो खंय काढूचो आसा?"

"देवळात."

"आत?"

"भायर देवी येता काय?"

हळदणकर हसले. डब्याचं भिंग त्यांनी बोटानं दाखवलं. "ह्यो कोंबडेचो डोळो. उन्हात दाणो न दाणो टिपतलो. तिनसांज झाली की खुराड्याची वाट. आणि ह्यो," त्यांनी भात्याचं भिंग वळवलं, "घुबडाचो. वायच उजेड आसलो तरी पुरे. माणूस उभो करा, 'हां' म्हणा, झालो फोटो."

"म्हंजे डब्यान काळोखात फोटो येवचोच नाय?"

"येतलो. तेका ही खिट्टी आसा. ओढल्यात की डोळो उघडो रवता, परत ढकलल्यात की मिटता. उजेड थेंबाथेंबान आत येतलो. पण एक विडी ओढून होयसर उघडो ठेवचो लागतलो. तेवढ्या वेळात कोणी हलूचा नाय."

"देवी हलणा नाय," परशुराम म्हणाला.

"देवी नाय हलणा. तुमी?"

"मी?" परशुराम ताठ झाला. "आमच्या घराण्यात कोण हललो नाय. जागेवर उभे रवान तर मान मिळवलो."

"चुलत्यांनु," गुरुदास हळूच म्हणाला, "निदान फिलम तरी वायच बरी घेवया. एक वेगवान फिलम येता म्हणतत, तेका उजेड कमी लागता."

"किती जास्त पडतले?"

हळदणकरांनी सांगितलं.

"देवी खंय धावता हा? वेग कित्याक?" परशुराम म्हणाला आणि साधी फिल्म मागितली.

फ्लॅशच्या दिव्यांचं नाव निघालं तेव्हा त्यानं एक दिवा एकदाच पेटतो एवढंच ऐकून घेतलं आणि तो विषय मिटवला. आपल्या घरात काडेपेटीतली काडीसुद्धा दोनदा वापरता येईल का, असा विचार करणारा तो माणूस.

इतका वेळ तेलाच्या डब्यापाशी उभी असलेली सुभद्रा पुढे झाली. तिनं कॅमेऱ्याकडे न बघता हळदणकरांकडे बघत विचारलं, "हलता ता खंय जाता?"

"कसा खंय जाता?"

"फोटोत. हललेलो माणूस जाता खंय?"

"पुसटता बाये. वायच हललो तर धुरकाट. लय हललो तर तो होतो काय नाय ताच कळना नाय. तेच्या पाठचा दिसाक लागता."

"बरा," सुभद्रा म्हणाली, आणि पुन्हा आपल्या तेलाच्या डब्यापाशी गेली.

परशुरामाचं अजून ठरत नव्हतं. एका बाजूला चौपट पैसे, दुसऱ्या बाजूला इतकी मोठी विडी. शेवटी त्यानं आमच्याकडचा माणूस करतो तेच केलं. देवीला कौल लावायचं ठरवून परतला.

कौल म्हणजे मुखवट्याच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली फुलं चिकटवायची आणि देवीला विचारायचं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. फुलं चिकटवायची गंगाराम गुरवानं, आणि कोणत्या फुलाला किती पाणी लावायचं हे ठाऊक असायचं ते गंगारामालाच. पहिला प्रश्न फ्लॅशचा. देवीच्या डोळ्यापुढे वीज पाडावी का? डावं फूल गुरवाचं वाक्य पुरं होण्याआधीच पडलं. दुसरा प्रश्न, डबा घ्यावा का? उजवं फूल पडलं. भात्याच्या कॅमेऱ्याबद्दल देवीला विचारण्याचं कोणाला सुचलं नाही. त्या सकाळी गंगारामानं माझ्याकडून तंबाखूची मोठी पुडी नेली होती आणि ती परशुरामाच्या नावावर मांडायला सांगितली होती. देवीनं तो खर्च धरला होता की नाही, मला माहीत नाही.

डबा आला. गुरुदास म्हणाला, "आधी घरात एक काढून बघूया, माजघरात. किती वेळ लागता ता कळात."

"देवीच्या आधी कोणाचो फोटो?" परशुरामानं विचारलं. माजघरातला फोटो राहिलाच.

फोटोचा दिवस उजाडला. माझ्या दुकानातली भात मोजायची पायली उपडी घालून तिच्यावर डबा ठेवला, कारण विडीभर वेळ हातात धरून कोणाचाच हात स्थिर राहत नाही. समया सगळ्या पेटवल्या. देवीच्या उजव्या हाताला परशुराम, धुवट धोतर, काळा कोट, भर उकाड्यात गळ्याशी बटण. डाव्या हाताला महादू. त्याला नको म्हणायची परशुरामाची छाती झाली नाही, कारण नको म्हटलं असतं तर त्यानं गाऱ्हाणं घातलं नसतं. समयांना तेल घालायला कोणीतरी हवं म्हणून परशुरामानं सुभद्रेला आपल्या पाठीमागे उभं केलं, हातात काठोकाठ भरलेलं तेलाचं भांडं देऊन. "तू फोटोत नाय," त्यानं तिला बजावलं. "फकस्त तेल." बाकीचा गाव कॅमेऱ्याच्या मागे दाटला.

आता विडीभर वेळ मोजायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. देवळात विडी पेटवता येत नाही. गुरुदासाच्या मनगटावर घड्याळ होतं, पण त्या काळोखात काटे दिसेनात, आणि समई जवळ आणली की फोटोत उजेड कमी.

"गाऱ्हाणा घालतले मां?" गंगाराम म्हणाला. "तसापण देवीचो पडदो उघडलो की गाऱ्हाण्याशिवाय गप्प उबा रवाचा नाय. गाऱ्हाणा सुरू झाला की खिट्टी ओढ, संपला की ढकल. विडीयेवडाच होता."

सगळ्यांना ते पटलं. परशुरामालाही. गावात जन्माला आलेल्या माणसाला गाऱ्हाणं इतकं अंगवळणी असतं, की ते ऐकताना आपण काय करतो ते त्याला दिसत नाही. श्वास घेतो हे तरी कोणाला दिसतं?

गुरुदासानं खिट्टी ओढली. महादूनं हात जोडले, डोळे मिटले, खांबासारखा उभा राहिला आणि आवाज लावला.

"बा सातेरी माये, आज तुजी सगळी लेकरां एक होवन तुझ्या पायाकडे उबी रवली हत."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. गावाबरोबर परशुराम म्हणाला. आणि व्हय म्हाराजा म्हणताना कमरेतून वाकून मान जशी हलवायची तशी त्यानं हलवली.

"तुजो फोटो ममयेक जातलो, तेका वाटेर काय एक इघ्न येव नको."

"व्हय म्हाराजा." परशुराम वाकला, सरळ झाला.

महादूनं एक डोळा किंचित उघडला. तो पुन्हा मिटला तेव्हा त्याच्या आवाजात भक्ती वाढली होती.

"ह्यो आमचो परशुराम, पदरमोड करून तुज्यासाठी कॅमेरो घेवन इलो, तेचा बरा कर."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या म्हशीक दूध येवंदे."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या आंब्याक मोहोर, काजीक बोंडां, विहिरीक पाणी येवंदे."

"व्हय म्हाराजा."

"तेचे गुडघे दुकतत, ते बरे कर. तेका रात्रीचो खोकलो येता, तो घालव."

स्वतःच्या गुडघ्यांसाठी देवीकडे कोणी मागत असताना गप्प राहणं म्हणजे गुडघे नको म्हणण्यासारखं. परशुराम पहिल्यापेक्षा जास्त वाकला. मी कॅमेऱ्याच्या मागे होतो. हळदणकरांचं बोलणं मला आठवत होतं, पण देवीपुढे गाऱ्हाणं चाललेलं असताना मधे बोलायचं नसतं, आणि मीही व्हय म्हाराजा म्हणण्यात गुंतलेलो होतो. गुरुदास घामानं भिजला होता. त्यानं चुलत्याला डोळ्यांनी खूण करून पाहिली. पण चुलता खाली वाकलेला असताना खूण दिसणार कोणाला?

"आणि माये," महादू म्हणाला, "तेका वायच सद्बुद्धी दी."

गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." परशुराम अर्ध्या वाकलेल्या जागी थांबला, महादूकडे वळला, त्याच्याकडे रोखून बघितलं, मग देवीचा विचार करून पुन्हा समोर वळला आणि दात आवळून व्हय म्हाराजा म्हणाला. महादूनं हात खाली घेतले. गुरुदासानं खिट्टी ढकलली.

सुभद्रेनं भांडं खाली ठेवलं. थेंबभर तेल सांडलेलं नव्हतं. तिनं एकदाही व्हय म्हटल्याचं मला आठवत नाही, पण तेव्हा ते कोणी मोजत नव्हतं.

परशुराम खूश होता. फिल्मवरची बाकीची चित्रं त्यानं भर उन्हात काढायला लावली, आपली म्हैस, आपली कलमं, पुन्हा म्हैस. आणि फिल्म मालवणला धुवायला न देता मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्याच्या हाती दिली. मंडळानं धुतली की खर्च मंडळाचा. त्यामुळे फोटो आधी मुंबईनं पाहिला, मोठा करून घेतला, चौकटीत बसवला, खोलीत लावला, त्याला हारही घातला, आणि तळकोंडातल्या कोणालाच त्यात काय आहे याची कल्पना नव्हती.

जत्रेला मंडळाचे चिटणीस स्वतः आले. तरुण माणूस, मुंबईतच वाढलेला, गावात पहिल्यांदाच. फोटोची दुसरी प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली, आणि एका पुडक्यात हिरवी साडी. दुपारी देवळाच्या पायरीवर सगळ्यांसमोर त्यांनी कागद सोडला.

देवी सुरेख आली होती. मुखवट्यावरची नथसुद्धा दिसत होती. देवीच्या डाव्या हाताला महादू, हात जोडलेला, कोटाची बटणं मोजून घ्यावीत असा स्पष्ट, फक्त तोंडाच्या जागी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखं. आणि देवीच्या उजव्या हाताला धूर. धूर कमरेपासून वर फुटत गेलेला, वर त्याला दोन-तीन डोक्यांचा भास. त्या धुराच्या आरपार, भिंतीला लागून, नाकातल्या चमकीपासून हातातल्या भांड्यापर्यंत अगदी लख्ख, सुभद्रा. पापणीही हललेली नव्हती.

"परशुराम खंय?" कोणीतरी विचारलं.

"ह्यो काय," महादू म्हणाला. त्यानं बोट काचेवर ठेवलं. "लाकडां ओली होती वाटता."

चिटणिसांना हसण्याचं कारण कळलं नाही. ते म्हणाले, "मंडळाच्या वतीनं यंदाची साडी पहिल्या मानाच्या बाईंना द्यायची ठरलीय. देवीच्या उजव्या हाताला आहेत त्या. सगळ्यांनी विचारलं, एवढ्या शांत चेहऱ्याच्या बाई कोण म्हणून."

परशुरामाला एका श्वासात दोन गोष्टी दिसल्या असाव्यात. धूर म्हणजे मीच, असं म्हणावं तर देवीनं सगळ्या गावात त्यालाच तेवढं पुसलं, हे कबूल करावं लागणार. तो धूर म्हणजे मी नव्हेच, असं म्हणावं तर उजवा हात रिकामा, आणि महादू तोंड नसलेला का होईना, अख्खा उभा. महादूचंही गणित तिथंच पोचलं होतं. तो चिटणिसांकडे वळून म्हणाला, "सायबानु, उजवीकडे मानकरी कोण दिसना नाय. फोटो तर खोटो बोलणा नाय. म्हंजे मान..."

"गंगाराम," परशुराम घाईनं म्हणाला, "दुसऱ्या फोटोक कौल लाव."

गंगारामानं फुलं लावली. डावं पडलं. जत्रेच्या गडबडीत त्या दिवशी परशुरामाच्या नावावर तंबाखूची पुडी मांडली गेली नव्हती.

"मान खंय जाता?" परशुराम मग गावाकडे तोंड करून म्हणाला. घसा खाकरून त्यानं पुढचं वाक्य मोठ्यानं म्हटलं. "ती कोण? माजी बायल. आमच्याच घरातली मां? उजव्या हाताक आमचाच घर उबा आसा." आणि हळू आवाजात सुभद्रेला, "जा गो. नारळ ठेव."

"मी?"

"मगे कोण?"

"तुमी म्हटल्यात, तू फोटोत नाय."

"आता आसस मां? जा."

सुभद्रेनं साडी घेतली, नारळ घेतला, आणि पुढे झाली. महादूनं नेहमीसारखा आपला नारळ पुढे करायला हात उचलला आणि तसाच थांबला. चुलतभावाशी नारळ आपटण्यात मर्दुमकी होती. भावजयीशी आपटण्यात काय आहे, हे त्याला लगेच उमगेना. सुभद्रेचा नारळ शांतपणे टेकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जत्रेला कोणाचा आधी यावर कोणी बोललं नाही, आणि मला वाटतं गावाला थोडं चुकल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षीच्या जत्रेला महादूनं उपाय काढला. देवळाचं दार उघडताच त्यानं आपल्या बायकोला, राधाबाईला, उजव्या बाजूला नेऊन उभं केलं. थोड्या वेळानं सुभद्रा आली. बाहेर दोन्ही घरं दारातून डोकावत उभी.

"तू हय रवतलंस?" राधाबाईनं विचारलं.

"होय. माका हयसर भिंतीक टेकाक बरा पडता."

"मगे मी थयसर रवतंय. हय वारो नाय."

राधाबाई डावीकडे गेली. आज्यांपासून चाललेलं भांडण एवढ्यात मिटलं. दोघींनी मिळून समयांत तेल घातलं, ओटी भरली आणि बाहेरच्या बायकांना आत घेतलं. पुरुषांना आत यायला जागाच राहिली नाही. परशुराम आणि महादू माझ्या दुकानाच्या बाकड्यावर येऊन बसले. एकाच बाकड्यावर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून चहा मी आपणहून ठेवला. दोघांनी चहा बशीत ओतून प्यायला. मिशी पुसून महादू म्हणाला, "आता रे आपण कित्यावरसून भांडूचा?"

परशुरामानं विचार केला. "तुज्या खालच्या भाताच्या कुणग्याच्या बांधार एक माड आसा," तो म्हणाला. "तो माजो."

"तो माजो," महादू म्हणाला, आणि त्याला नीट बसता यावं म्हणून बाकड्यावर जरा सरकला.